बॅटरी कशाने मरते? लेड-ॲसिड, लिथियम, निकेल आणि बाकीच्या

मीटरवाला

इन्व्हर्टरला कोणती बॅटरी घेऊ, लिथियम खरंच पेटतं का, मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावला तर चालेल का, असे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर सतत येतात. उत्तरं बहुतेक वेळा ब्रँडच्या नावावर येऊन थांबतात. माझं काम यूपीएस आणि मोबाईल टॉवरच्या बॅटरी बँकांच्या देखभालीचं आहे. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय: बॅटरी किती देते हे नंतर बघा, ती कशाने मरते हे आधी बघा. प्रत्येक प्रकाराचं मरण वेगळं असतं. आपल्या घरात, गाडीत जे हाल होणार आहेत ते सोसणारी बॅटरी घ्यावी.

आधी थोडं मूळ. कुठल्याही सेलमध्ये दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या प्लेट असतात आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट. एका प्लेटला इलेक्ट्रॉन सोडायचे असतात, दुसरीला घ्यायचे असतात. इलेक्ट्रोलाइट फक्त आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना, वाट देतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनना बाहेरच्या वायरने फिरून जावं लागतं, आणि जाता जाता ते आपला पंखा फिरवतात. व्होल्टेज किती हे त्या दोन पदार्थांवरून ठरतं, आकारावरून नाही. घड्याळातला पेन्सिल सेल आणि जुन्या टॉर्चमधला जाडा सेल दोन्ही दीड व्होल्टचेच. जाड्यात माल जास्त, म्हणून तो जास्त काळ चालतो.

आता लेड-ॲसिड. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ साली बनवली आणि आजही आपल्या इन्व्हर्टरखाली तीच बसलेली आहे. पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड, निगेटिव्हवर सच्छिद्र शिसं, मध्ये पातळ गंधकाम्ल. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं आणि ॲसिडमधला सल्फेट कमी होऊन ते पाण्याकडे झुकतं. म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायचं साधन, खोटं बोलत नाही. पूर्ण चार्ज ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात ती, नळ्यांच्या प्लेटची लेड-ॲसिड) बॅटरीत काटा १२४०-१२५० दाखवतो, रिकामी होत आली की ११५० च्या आसपास येतो. पाच सेल १२४० ला आहेत आणि एक ११५० ला अडकलाय, तर तो सेल गेला.

तिचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रिकाम्या अवस्थेत पडून राहणं. ताजं लेड सल्फेट बारीक, मऊ असतं, चार्जिंगला लावलं की परत विरघळतं. तसंच ठेवलं तर त्याचे मोठे, कडक स्फटिक बनतात आणि ते मग सहजासहजी परत फिरत नाहीत. "प्लेट बसल्या" असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. दुसरा शत्रू उष्णता. बॅटरीचं तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. विदर्भात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी आणि तळमजल्यावरच्या सावलीतली बॅटरी एकाच दिवशी घेतल्या तरी एकदम जाणार नाहीत.

लिथियम-आयनची गोष्ट निराळी. तिच्यात प्लेटचं रूपांतर दुसऱ्या पदार्थात होत नाही. निगेटिव्ह बाजूला ग्रॅफाइट असतं, त्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन पुस्तकाच्या पानांत ठेवलेल्या खुणांसारखे जाऊन बसतात. वापर सुरू झाला की तिथून निघून पॉझिटिव्ह बाजूच्या जाळीत शिरतात. पानं जागेवरच राहतात, म्हणून हजारो वेळा ये-जा होऊ शकते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना याच कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोनीने पहिली बाजारात आणली ती १९९१ मध्ये.

लिथियम मरते ती उलट कारणाने. पूर्ण भरलेली आणि गरम, ही तिची सगळ्यात वाईट अवस्था. ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो उष्णतेत जाड होत जातो आणि वापरायचं लिथियम कायमचं अडकवून टाकतो.

थोडक्यात, लेड रिकामं ठेवू नका आणि लिथियम भरलेलं तापवू नका. बाकी प्रकार प्रतिसादांत बोलू.

चहाबाज

फार छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. लिथियम म्हणजे एकच प्रकार का? दुकानात एलएफपी, एनएमसी अशी नावं ऐकायला मिळतात.

मीटरवाला

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पॉझिटिव्ह बाजूला काय घातलंय यावर नाव पडतं. एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. एका सेलचं व्होल्टेज ३.६-३.७, पूर्ण चार्ज ४.२. किलोमागे दीडशे ते अडीचशे वॉट-तास देते, म्हणून बऱ्याच स्कूटर, लॅपटॉप, मोबाईल कोबाल्ट-निकेलच्या घराण्यातल्या रसायनावर चालतात. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. सेलचं व्होल्टेज ३.२, वजनाच्या मानाने ऊर्जा कमी, पण फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो. सेल खूप तापला तरी तो सहज सुटत नाही, आणि आगीला आतून ऑक्सिजन मिळत नाही. तापमान हाताबाहेर जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी. हा पदार्थ गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतला. १९९७ च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय.

तुलनेसाठी: लेड-ॲसिड किलोला ३०-४० वॉट-तास, निकेल मेटल हायड्राइड ६०-१००, एलएफपी ९०-१६०. घरात बॅटरी जमिनीवर ठेवायची आहे, वजनाचा प्रश्न नाही. म्हणून घरासाठी लिथियम घ्यायचंच असेल तर माझ्या मते एलएफपीच घ्यावं.

केळशीकर

नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या जवळ. आम्ही मुंबईला, त्यामुळे घर वर्षातला बराच काळ बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तिकडे वीज यायला काही आठवडे लागले, तेव्हापासून आई-बाबा तिकडे असताना बॅकअप असावाच असं ठरवलं. १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर घेतली होती, ती गेली. आता परत तीच घ्यावी की लिथियम? लोड म्हणजे तीन पंखे, पाच एलईडी आणि वायफाय.

मीटरवाला

केळशीकर, तुमचा प्रश्न नेमका या धाग्याचा आहे.

बंद घरात ट्युब्युलर दोन्ही बाजूंनी मरते. मेन स्विच बंद करून गेलात तर ती आपोआप उतरते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडा करंट खातच राहतो. काही आठवड्यांत रिकामी, आणि मग सल्फेट कडक. मेन चालू ठेवून गेलात तर सतत चार्जिंगमुळे पाणी आटतं, आणि बघायला कोणी नाही. एलएफपी साधारण निम्मी भरून, इन्व्हर्टरपासून सोडवून ठेवली तर महिनोन्महिने शांत पडून राहते. तुमच्यासाठी एलएफपी, माझ्या मनात शंका नाही.

पण पैसे खर्च करण्याआधी हा हिशेब बघा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. ती क्षमता वीस तासांत हळूहळू काढली तरची असते; जास्त करंट खेचला की त्याहून कमी मिळते. आणि लेड दीर्घकाळ टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे हातात ९०० उरतात. तीन साधे पंखे २२५ वॉट, दिवे ४५, वायफाय १०, एकूण २८०. इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून साधारण ३३० वॉट जातात. पावणेतीन तास चालेल.

हेच तीन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर प्रत्येकी ३० वॉटच्या आसपास. एकूण १४५, बॅटरीतून १७०. त्याच बॅटरीवर सव्वापाच तास! मी लोकांना नेहमी सांगतो, बॅटरी मोठी करण्याआधी पंखे बदला.

१०० एएचची १२.८ व्होल्टची एलएफपी म्हणजे १२८० वॉट-तास, त्यातले नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात. म्हणजे कागदावर लहान असूनही तुमच्या जुन्या १५० एएचपेक्षा जास्त काम देईल. वजन दहा-तेरा किलो. ट्युब्युलर ॲसिडसकट पन्नास-साठ.

वीज आठवडेच्या आठवडे गेली तर कुठलीच बॅटरी पुरणार नाही, सोबत सोलर पॅनेल लागेल. आणि जूनच्या ढगात पॅनेल निम्मंही देत नाही, तेही धरून चाला.

गॅरेजवाले आबा

मीटरवाला, लेख चांगला आहे पण लेडला फार लवकर बाजूला सारताय. मी कराडकडचा, आयुष्य गाड्यांच्या बॅटऱ्यांत गेलं. माझं म्हणणं ऐका.

एक तर गाडी स्टार्ट करायला लेडसारखी दुसरी नाही. सेल्फ मारताना क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, आणि ती बिचारी ते देते. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेट भरपूर घातलेल्या असतात. म्हणूनच गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावू नये. रोज खोलवर उतरवली की पातळ प्लेटवरचा मसाला झडतो, तळाशी गाळ साचतो आणि सेल शॉर्ट होतो. ट्युब्युलरमध्ये तो मसाला नळ्यांमध्ये कोंबलेला असतो, झडायला वाव नाही. लोक स्वस्तात मिळाली म्हणून गाडीची जोडतात आणि मग बॅटरीला शिव्या देतात.

दुसरं, लेड गावात दुरुस्त होते. टर्मिनलवर बुरशी आली तर गरम पाणी, सोडा, मग पेट्रोलियम जेली. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटर. फक्त ॲसिड वरून घालू नका हो, उडून जातं ते पाणी, ॲसिड नाही! आणि नळाचं पाणी तर मुळीच नको, त्यातले क्षार प्लेट खातात. लिथियमच्या डब्यातलं सर्किट गेलं तर तालुक्यात कोण उघडणार?

तिसरं, जुनी बॅटरी दिली की नवीन घेताना पैसे वळते होतात. शिसं जवळजवळ सगळं परत मिळतं.

मीटरवाला

आबा, दुरुस्तीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रेल्वेच्या डब्याखालच्या ११० व्होल्टच्या बॅटरीतही सुटे सेल ओळीने जोडलेले असतात, एक बिघडला तर तेवढाच बदलायचा. ही सोय मोठी आहे. आणि रोज वापर, घरात राहतं माणूस, महिन्यातून एकदा पाणी बघायची सवय, असं असेल तर ट्युब्युलर आजही चांगला सौदा आहे. केळशीकरांचं घर बंद असतं म्हणून मी एलएफपीकडे झुकलो.

परत मिळणाऱ्या शिशाबद्दल मात्र एक कळकळीची विनंती आहे. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, दारावरच्या भंगारवाल्याला नको. उघड्या भट्टीत वितळवलेलं शिसं हवेत आणि मातीत जातं, ॲसिड गटारात ओतलं जातं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि त्याची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून बाहेर देऊ नका.

गॅरेजवाले आबा

हे बरोबर बोललात. आमच्या गावाबाहेर अशी एक भट्टी होती, लोकांनीच बंद पाडली.

पारिजात

माझा प्रश्न लहान आहे. मुलांची खेळणी सेल खातात. चार्जेबल पेन्सिल सेल घेतले, त्यावर १.२ व्होल्ट लिहिलंय, साध्यावर १.५. कमी व्होल्टेजने खेळणं बिघडणार नाही ना? आणि पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये म्हणतात ते खरं का?

मीटरवाला

पारिजात ताई, बिघडणार नाही. ते निकेल मेटल हायड्राइड. साधा सेल १.५ वर सुरू होतो आणि वापरता वापरता घसरत १ च्या खाली येतो, निकेलचा १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. मोटर असलेल्या खेळण्यात निकेलच वरचढ. पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम सेलचा, तो यांना लागू नाही. कॅडमियम विषारी, म्हणून ते घरगुती वापरातून जवळपास गेलेच.

भिंतीवरच्या घड्याळात मात्र साधा झिंक-कार्बन घाला. घड्याळ इतकं कमी खातं की महाग सेल वाया जातो. झिंक-कार्बनचं मरण असं की त्याचा जस्ताचा डबा हीच निगेटिव्ह प्लेट असते, वापरात तो डबाच झिजतो आणि शेवटी गळतो. संपलेला सेल रिमोटमध्ये ठेवू नका. अल्कलाइन गळला की पांढरी पूड दिसते. हाताने न पुसता कापसावर लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, कारण आतलं रसायन अल्क, म्हणजे ॲसिडच्या उलट आहे.

सायली२१

खेळण्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते, मी बालरोग विभागात काम करते. बटण सेल, म्हणजे रिमोट, संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रं, वजनकाटा यातले चपटे गोल, मुलांच्या हाती लागू देऊ नका. तीन व्होल्टचा, मोठ्या नाण्याएवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. तो फुटावा लागत नाही. ओल्या त्वचेला लागल्यावर त्यातून प्रवाह वाहतो आणि निगेटिव्ह बाजूला तीव्र अल्क तयार होतं, तेच मांस जाळतं. वापरून संपलेला सेलही हे करू शकतो, त्यात तेवढा जोर उरलेला असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला लावू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती लहान मूल असलेल्या घरात आणूच नका.

चहाबाज

सायलीताई, धन्यवाद. हा प्रतिसाद सगळ्या पालकांच्या ग्रुपवर पाठवतोय.

उत्तरवारा

कॅनडातून लिहितोय. उष्णतेबद्दल वर आलंच आहे, पण इथे उलटा त्रास. शून्याच्या खाली लिथियम-आयन चार्ज करायचं नसतं. थंडीत आयन ग्रॅफाइटच्या थरांत वेळेत शिरू शकत नाहीत, मग बाहेरच धातूच्या रूपात साचतात. क्षमता जाते आणि तो साठा सुईसारखा वाढून आत शॉर्ट करू शकतो. वापरायला हरकत नाही, चार्जिंगला आहे. म्हणून इथल्या विजेच्या गाड्या आधी बॅटरी गरम करून घेतात. लडाख, स्पितीला पोर्टेबल पॉवर स्टेशन (मोठ्या पॉवर बँकेसारखा बॅटरीचा डबा) घेऊन जाणाऱ्यांनी रात्री ते तंबूबाहेर ठेवून पहाटे सोलरला लावू नये.

पॉवर बँकेबद्दलही सांगतो. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टला देताना रूपांतरात गळती होते, हातात सहा-साडेसहा हजार येतात. फसवणूक नाही, मोजायची पद्धत आहे. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत परवानगीशिवाय नेता येते, साधारण २७,००० एमएएच, आणि फक्त हातातल्या बॅगेत. सामानाच्या होल्डमध्ये पेटली तर विझवायला कोणी नसतं.

निळी_स्कूटर

आगीचाच प्रश्न. २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ बघितल्यापासून आई मला घरात चार्ज करू देत नाही. ती काढता येणारी एनएमसी बॅटरी आहे. काय सांगू तिला?

मीटरवाला

आईंची काळजी योग्य आहे, तिला उडवून लावू नका. त्या वर्षीच्या घटनांनंतरच एआयएस-१५६ हे विजेच्या दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं आणि दोन टप्प्यांत लागू झालं: डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३. एक सेल पेटला तर शेजारचे वाचतात का, पाण्यात टिकते का, धोक्याची सूचना मिळते का, अशा चाचण्या त्यात आहेत. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर चांगलं.

घरात पाळायच्या गोष्टी सांगतो. चार्जर गाडीसोबत आलेलाच. लांब रपेट मारून आल्यावर बॅटरी निवेपर्यंत थांबा, मग लावा. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवलंत तर एनएमसी जास्त टिकते. एलएफपीवाल्यांनी मात्र अधूनमधून पूर्ण शंभर करावं, कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं आणि सर्किटला किती उरलंय याचा अंदाज चुकायला लागतो. बाहेर पडायच्या दारात किंवा जिन्यात बॅटरी चार्ज करू नका, पेटली तर सुटकेची वाटच बंद होते. पलंगाजवळ नको. फुगली, वास आला, पडून चेपली, तर वापर बंद. पेटलीच तर आधी सगळे बाहेर पडा, धूर विषारी असतो, आणि अग्निशमन दलाला बोलवा. लिथियम-आयनच्या आगीला भरपूर पाण्याने थंड करावं लागतं, वरून माती टाकून ती आतून थांबत नाही.

मोबाईलचा प्रश्नही इथेच: पूर्ण भरला की तो स्वतः चार्जिंग थांबवतो. रात्रभर लावण्यापेक्षा उशीखाली ठेवून तापवणं जास्त वाईट.

चहाबाज

सोडियम बॅटरी येतेय म्हणतात. थांबावं का?

मीटरवाला

सोडियम-आयनचं काम लिथियमसारखंच चालतं, फक्त आयन मोठा आणि जड, म्हणून किलोमागे ऊर्जा कमी. फायदे मात्र मोठे आहेत. सोडियम मिठातून मिळतं, कोबाल्ट लागत नाही, आणि निगेटिव्ह बाजूला तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालतं. लिथियम सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवला तर ते तांबं विरघळून सेल बिघडतो. सोडियमचा सेल पूर्ण रिकामा करून सुरक्षित नेता येतो. आपल्या पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही विज्ञान संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. घरच्या इन्व्हर्टरसाठी हा प्रकार शोभून दिसेल. पण आज गरज असेल तर थांबू नका.

केळशीकर

सगळ्यांचे आभार. आधी पंखे बदलतो, मग एलएफपी. जुनाच इन्व्हर्टर चालेल ना?

मीटरवाला

सेटिंगमध्ये लिथियमचा पर्याय असेल तरच. ट्युब्युलर मोडमध्ये काही इन्व्हर्टर मधूनमधून १५ व्होल्टच्या वर चार्ज देतात, १२.८ व्होल्टच्या एलएफपीला १४.६ ही कमाल मर्यादा. वर गेलं की बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडेल, आणि रोज त्याच्या भरवशावर राहू नये. इन्व्हर्टरवरचा बॅटरीचा टक्काही व्होल्टेजवरून काढलेला असेल, तो एलएफपीला चुकीचा येईल. मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्याचं माहितीपत्रक बघून सांगतो. आणि खारी हवा आहे, टर्मिनलला जेली लावायला विसरू नका.